चाली घरात राहिल्या

एप्रिल लागला की बारामतीत दुपारी चारनंतर एक कोरडा वारा सुटतो. त्याला कुठल्यातरी रानात पेटवलेल्या पाचटाचा वास असतो. मग चौकात मांडवाचे खांब येतात, निळ्या पताका येतात आणि चार-आठ दिवसांत ती भिंतीएवढी डीजेची खोकी येतात. एकदा ती सुरू झाली की माझ्या कपाटातल्या वाट्या एकमेकींवर वाजू लागतात. खालच्या मजल्यावरची सून दरवर्षी वर येऊन विचारते, "मॅडम, तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल ना हो?" मी नाही म्हणते. आवाज नसण्याचा त्रास कसा असतो, हे त्या पोरीला कुठून सांगत बसू?

शाळेत मी पोरांना तीन ऋतू शिकवले. आमच्या घराला मात्र चौथा होता, जयंतीचा. भीमजयंती चौदा एप्रिलला असली तरी ती एका दिवसात कधी मावली नाही. गायन पार्ट्या थोड्या आणि गावं फार. मग ज्याला जशी तारीख मिळेल तशी गावं जयंती धरायची. मृगाचे ढग दिसेपर्यंत इंदापूर-बारामती तालुक्यांत रोज कुठं ना कुठं मांडव उभा असायचा. त्या दोन महिन्यांत माझी थोरली बहीण घरात नसायचीच. विमल तिचं नाव. मी तिला आक्का म्हणायची. तिला कळंबला दिली होती. नवरा कारखान्यात कामगार, आणि ढोलकीला हात असा की बोटं लागायच्या आधीच कातडं बोलतं की काय असं वाटावं. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. दाजींची ढोलकी, कळसच्या एका चुलतभावाची पेटी, मागं कोरस धरायला मी आणि आणखी दोघीजणी, आणि पुढं आक्का. एवढीच आमची पार्टी.

आक्काचा आवाज गोड नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांनी ऐकला नाही त्यांना वाटतं की मी कोकिळेबद्दल सांगतेय. तिचा आवाज जाड होता, कडेला थोडा खरबरीत, बाजरीच्या भाकरीसारखा. वरच्या पट्टीत गेला की तो बारीक व्हायचा नाही, आणखी रुंद व्हायचा. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनं पदर सावरून बसावं, असा.

तो आला कुठून, हे आम्हाला ठाऊक होतं. आई जात्यावर बसायची तेव्हा आक्का तिच्या मांडीला टेकून झोपलेली असायची. आबा, म्हणजे आमचे वडील, तरुणपणी एकतारीवर भजन म्हणायचे. छप्पननंतर आमच्या घरानं धम्म घेतला. आबांनी देव्हाऱ्यातले देव गोणपाटात बांधले आणि नीरेच्या पाण्यात सोडून आले. "देव सोडले," ते सांगायचे, "पर चाली कुटं सोडता येत्यात? त्या घरातच राहिल्या." मग त्याच चालींवर त्यांनी नवे शब्द बसवले. जिथं आधी विठ्ठल होता, तिथं बाप आला, पुस्तक आलं, पाणी आलं. त्यांनी केलेलं एक गाणं आक्का प्रत्येक कार्यक्रमात म्हणायची: "पाणी तेच नीरेचं गं, आज ओंजळ माझी हाय." चाल आईच्या ओवीची, ठेका भजनाचा, आणि शब्द आबांचे. गळा तेवढा आक्काचा.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. मी इंदापूरला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, खोली घेऊन एकटी राहात होते आणि बाहेरून एम.ए. करत होते. बारामतीच्या कॉलेजातले आमचे सर मला पुस्तकं द्यायचे. एका थंडीत त्यांनी पुस्तकासोबत एक कॅसेट दिली. कुणाकडून तरी भरून घेतलेली, कागदावर निळ्या पेनानं एवढंच लिहिलेलं: साउथ. "हे नुसतं वाचून कळणार नाही," सर म्हणाले, "ऐका."

मी ती कळंबला घेऊन गेले. आक्का दारात ज्वारी निवडत बसली होती. लांबून कारखान्याच्या भोंग्याचा आवाज आला, तेवढ्यात दाजी पाळी संपवून सायकलवरून उतरले.

"साउथ म्हंजी मद्रासची का गं गानी?" आक्कानं विचारलं.

"अमेरिकेच्या दक्षिणेकडची," मी म्हणाले. "काळ्या बायका. यांच्या आज्या-पणज्या गुलाम होत्या, कापसाच्या रानात राबायच्या. लहानपणी या चर्चमध्ये गायल्या. मोठ्या झाल्यावर शहरात गेल्या. मग गाण्यातला देव काढला, त्याच्या जागी माणूस घातला. चाल तीच ठेवली."

आक्काचा हात सुपात थांबला. "म्हंजी आपल्यासारकंच की!"

पहिली बाई हळू गाणारी होती. आवाज धुरकट, जणू नुकतीच झोपेतून उठलीय. एकही शब्द ती ठेक्यावर टाकत नव्हती. दाजींनी दोन-चारदा मांडीवर ताल धरला आणि सोडला. "चुकली," ते म्हणाले.

"चुकली न्हाय," आक्का म्हणाली. "थांबली. ठोका पुढं जाऊ देती, मग पाऊल टाकती. गाडीमागनं चालणाऱ्या माणसागत. ऐका की नीट."

दुसरी बाई वेगळी. ती हाकच मारत होती. मागून दहा-बारा जण ओ देत होते आणि दर खेपेला तिची हाक आणखी वर जात होती. आक्का टेपरेकॉर्डरजवळ सरकली, जाळीला जवळजवळ कान लावला.

"कुनाला बोलवतीया?"

"पहिल्यांदा देवाला. आता बहुतेक नवऱ्याला."

"कोनच येत न्हाय बघ," आक्का म्हणाली. "आलं असतं तर एवढं गावं लागलं नसतं तिला."

मी एम.ए.च्या पेपरात पुढं जी चार पानं लिहिली, ती या एका वाक्यापुढं फिकी होती. ती कॅसेट आक्कानं ठेवून घेतली. चुलीपुढं लावायची, धुणं धुताना लावायची. एक शब्द कळत नव्हता, पण दम कुठं घेतला हे तिला कळायचं. "आई दळताना घ्यायची बघ, खुंटा आपल्याकडं येताना," ती म्हणायची, "ही बाईबी तितंच घेती. हिनंबी कायतरी जड वडलेलं हाय."

त्या वर्षीच्या जयंतीला कळसला, म्हणजे आमच्या माहेरीच, तिनं 'ओंजळ' हा शब्द थांबवला. कुणाला काही सांगितलं नव्हतं. "आज..." म्हणाली आणि थांबली. दाजींचा हात वरच राहिला. मांडवात भिंगरीसारखी फिरणारी पोरं थांबली. ठोका गेला, दुसराही गेला. मग तिनं "ओंजळ माझी हाय" असं काही जमिनीवर ठेवलं की पुढच्या रांगेतल्या बायांनी नकळत दोन्ही तळवे जोडून समोर धरले. मी कोरसमध्ये होते. मला पुढं म्हणताच आलं नाही. माझ्या अंगावर उभा राहिलेला तो काटा अजून पुरता बसला नाही.

त्याच मांडवात पुण्याच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस होता, कुणाचा तरी पाहुणा म्हणून आलेला. पुढल्या वर्षी मे महिन्यात स्टुडिओत या, आठ गाणी भरू, असं तो म्हणाला. नाव घातलं जाणार होतं, फोटो छापला जाणार होता. आक्का हसली. मी हसले नाही. माझ्या डोक्यात तेव्हापासून त्या कॅसेटचं वेष्टन तयार होतं. निळ्या रंगावर आक्का. खाली बारीक अक्षरांत कोरस म्हणून माझंही नाव. हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तिचा आवाज बसला. कार्यक्रम नव्हते, ओरडणं नव्हतं, तरी बसला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मार्च गेला, आवाज उठला नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी तिची जीभ कापडानं धरून घशात आरसा घातला, "ई म्हणा" म्हणाले आणि मग विचारलं, "मिश्री लावता?" आक्का लाजली. लावत होतीच. आमच्याकडं कोण लावत नव्हतं? त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात घशातला बारीक तुकडा काढून घेतला आणि चार दिवसांनी या म्हणाले. तिला पुन्हा दगदग नको म्हणून मी एकटीच गेले.

त्या डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं. स्वरयंत्रावर कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय. लगेच शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू केले तर जीव आणि आवाज दोन्ही वाचण्याची चांगली आशा आहे. सहा-सात आठवडे रोज यावं लागेल. त्या काळात गाणं नाही, आणि नंतर आवाज अगदी पूर्वीसारखा होईलच असं नाही. "याच आठवड्यात घेऊन या," ते म्हणाले. "उद्यावर टाकू नका."

स्वारगेटच्या फलाटावर मी तो कागद तीनदा वाचला. आमच्या घरात ते इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. आबा गेले होते, आई थकली होती, दाजींना सही करता यायची, आणि आक्काला मीच प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकवली होती, ती मराठी. म्हणजे त्या कागदात काय आहे ते मी सांगेन तेच. भिगवण मागं पडलं, उजनीचं पाणी खिडकीतून चमकून गेलं आणि मी हिशेब करत होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्डिंग. पाच आठवडे. एवढे महिने गळ्यात काहीतरी वाढत होतं, आणखी पाच आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? आणि शेक घेतल्यावर आवाज पूर्वीसारखा आलाच नाही तर? मग राहिलं काय? एकदा तो आवाज टेपवर धरला की झालं. लगेच दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेईन. मी स्वतःला म्हणत होते, हे आक्कासाठीच करतेय. शपथेवर सांगते, मला ते खरं वाटत होतं.

उतरल्यावर मी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या घेतल्या. लाल, चकचकीत.

"काय म्हणालं डाक्टर?" आक्कानं विचारलं. तिच्या आवाजाला तेव्हा फाटक्या कापडाची धार आली होती.

"सूज हाय म्हणाले. ह्या गोळ्या दिल्यात. तीनदा घ्यायच्या."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, कायतरी वंगाळ निघतंय."

तिनं एकही गोळी चुकवली नाही. सकाळी न्याहारीनंतर, दुपारी, दिवेलागणीला. कार्यक्रमाला निघताना पिशवीत आधी गोळ्यांचं पाकीट, मग कंगवा. मी बघायची.

तो हंगाम मी कसा काढला, मला विचारू नका. गावं पक्की झाली होती, शब्द दिलेला होता आणि आक्का शब्द मोडणारी नव्हती. टेम्पोत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून गप्प बसायची, आवाज साठवून ठेवायला. दर गावाला थोडा थोडा कमी व्हायचा. एका गावाला वरची पट्टी गेली. पुढच्या गावाला दाजींनी न विचारता पट्टी उतरवली. मग चारऐवजी दोन कडवी झाली. ती खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी गायला लागली, त्या धुरकट आवाजाच्या बाईसारखी, ठोका पुढं जाऊ देत. लोकांना ते नवं वाटलं, आवडलंही. एक मास्तर मला म्हणाले, "यंदा बाईंच्या गाण्यात दर्द आलाय." मी मान हलवली आणि आक्काच्या गोळीसाठी पाणी आणायला गेले.

रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, आता तीनच आठवडे. आता दोनच.

कऱ्हाटीला ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. तिसरंच गाणं, 'ओंजळ'. आक्कानं दम भरला, तोंड उघडलं, आणि आत नुसती हवा. पुन्हा भरला. पुन्हा हवा. तिनं माईककडं बघितलं, जणू तोच बिघडलाय. दाजी ढोलकी वाजवतच राहिले, डोळे मिटून. समोर चारशे माणसं. कुणीतरी शिट्टी मारली आणि बाकीच्यांनी लगेच त्याला दाबलं. पुढच्या रांगेतले एक पागोटेवाले तात्या काठी टेकत उठले.

"पोरी," ते मोठ्यानं म्हणाले, "आवाज बसलाय तर बस तूबी. धा वर्सं तू म्हनलीस, आमी ऐकलं. आज आमी म्हनतो."

आणि ते सुरू झाले. बेसूर, दात नसलेले. मग त्यांच्या बाजूचे, मग बायका, मग सगळा मांडव. आबांचे शब्द कऱ्हाटीला पाठ होते. आक्का माईकपुढं उभी होती. ओठ हलत होते, गालावरून पाणी गळत होतं आणि ती हसत होती. त्या दिवशी तरी मी सांगायला हवं होतं. मांडवातल्या प्रत्येक माणसानं तिच्यासाठी काहीतरी दिलं होतं. मी तेवढी पिशवीतल्या गोळ्या सांभाळत बसले होते.

स्टुडिओच्या भिंतींना गाद्या मारल्या होत्या. आत आवाज केला की तो तिथंच मरायचा. आक्काला ते सोसेना. "हितं कोन ऐकनारच न्हाय, मग म्हनायचं कुनाला?" ती म्हणाली. मी काचेच्या या बाजूला तिच्यासमोर उभी राहिले. आदल्या आठ दिवसांत ती कुणाशी शब्दही बोलली नव्हती. त्यानं म्हणा किंवा कशानं, पहिल्या गाण्याला आवाज आला. पूर्वीचा नव्हे. चिरा गेलेल्या मडक्यातून उजेड यावा तसा. रेकॉर्डिंगच्या यंत्रापुढं बसलेल्या, पोऱ्यागत दिसणाऱ्या साहेबांनी कानावरचा हेडफोन काढला, माझ्याकडं बघितलं आणि परत लावला. दुसरं गाणं झालं. तिसरं 'ओंजळ'. ती थांबली, ठोका जाऊ दिला आणि शब्द टाकला. त्या तीन मिनिटांत मला वाटलं, मी केलं ते बरोबर केलं.

चौथ्याला घसा फाटला. खोकला आला, रुमालावर लाल आलं.

"पंधरा दिवस विश्रांती घ्या," कंपनीचा माणूस म्हणाला. "उरलेली पाच नंतर करू."

"आलोच हाय पुण्यात तर दाखवू," मी म्हणाले आणि त्याच दुपारी तिला त्या डॉक्टरांकडं नेलं. दाजी सोबत होते. डॉक्टरांनी आरसा घातला, बराच वेळ बघितलं आणि चष्मा काढला. ते माझ्याशी बोलले. "कॅन्सर आहे म्हणून मी तुम्हाला एप्रिलमध्ये स्पष्ट सांगितलं होतं ना? याच आठवड्यात आणा म्हणालो होतो. होतात कुठं इतके दिवस?"

कॅन्सर हा एक शब्द सगळ्या भाषांत सारखाच आहे. आक्कानं आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

आता शेकानं भागणार नव्हतं. आवाजाची पेटी काढावी लागणार होती, गळ्याला भोक ठेवून. "साहेब, तवाच आलो असतो तर?" दाजींनी विचारलं. डॉक्टर माणूस चांगला. "सांगता येत नाही," म्हणाले. "कदाचित वाचला असता. कदाचित नसता." हा 'कदाचित' मी पंचवीसहून जास्त वर्षं सोबत घेऊन फिरतेय.

बाहेर बाकावर आक्कानं पिशवीतून पाकीट काढलं. त्यात चार लाल गोळ्या उरल्या होत्या.

"मग ह्या कशाच्या गं?"

"ताकदीच्या," मी म्हणाले.

तिनं पाकीट परत पिशवीत ठेवलं. त्यानंतर कधीच बोलली नाही माझ्याशी. ऑपरेशनला अजून सहा दिवस होते, तिचा उरलासुरला आवाज होता आणि त्यातला एक शब्दही माझ्या वाट्याला आला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिनं सगळ्यांना खाटेजवळ बोलावलं. आईला हाक मारली, "आये." आईनं ओ दिली. परत मारली. आईनं परत ओ दिली. तिची मुलगी पमी तेव्हा सातवीत. "पमे. पमल. प्रमिला," अशी तिची सगळी नावं घेतली. कळसच्या भावाचं घेतलं, कोरसमधल्या दोघींची घेतली, वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशीचंही घेतलं. मग दाजींकडं बघितलं. वीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. 'अहो', 'पमीचा बाप', 'ह्येनी'. तिनं घोगऱ्या आवाजात म्हटलं, "किसन." दाजींनी मान वर केली. "किसन. किसनराव." दाजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. ती मला दिसत होती, मीही तिला दिसत होते. तिनं भिंतीकडं कूस बदलली.

या ऋतूचं असं आहे. गुलमोहर फुलतो, कलिंगडाच्या गाड्या लागतात, पोरांचे निकाल लागतात, आणि मला सलाईनच्या बाटलीतून पडणारे थेंब दिसतात. आता शाळा नाही, परीक्षा नाहीत, तरी दुपारी डोळा लागला की कुणीतरी सगळ्यांची नावं घेतंय असं वाटतं. मी ऐकत राहते, अजून.

ती वाचली. आणखी नऊ वर्षं जगली. गळ्यापुढं पांढरं फडकं असायचं, त्यामागून श्वास जाता-येता शीळ वाजायची. पमीच्या जुन्या पाटीवर ती लिहून बोलायची, बोलायची तसंच लिहायची. मी दर रविवारी जायची. ती मला चहा द्यायची, जेवायला वाढायची. पहिल्या वर्षात पाटी मात्र माझ्यापुढं कधी धरली नाही. दाजींनी ढोलकीचं कातडं उतरवून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला मी त्या कंपनीत गेले. निदान ती तीन गाणी तरी आणावीत आणि तिच्या मांडीवर ठेवावीत, एवढीच आशा उरली होती. त्या माणसानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. "ताई, तीन गाण्यांची कॅसेट होत नाही," तो म्हणाला. "आम्ही दोन महिने वाट पाहिली. टेप महाग पडते. त्यावर दुसऱ्या पार्टीचं भरलं." तो खोटं बोलत नव्हता आणि उर्मटही नव्हता. मी पाणी पिऊन उठले. जिन्यात मला पायऱ्या दिसेनात, म्हणून तिथंच बसले. ज्या एका गोष्टीसाठी मी बहिणीचा गळा पणाला लावला होता, तिच्यावरून कुणीतरी सहज हात फिरवला होता.

हे मी आक्काला सांगितलं नाही. पुन्हा एकदा नाही सांगितलं. ते कळायला मला सहा महिने लागले, की मी तेच परत करतेय.

मग एप्रिल आला. कळंबच्या वाटेवर पताका लागल्या होत्या. आक्का दारात सावलीला बसली होती. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. स्वारगेटचा फलाट, हिशेब, गोळ्या, वेष्टनावरचं माझं नाव, आणि पुसलेली टेप. ती माझ्याकडं न बघता ऐकत होती. गळ्यातली शीळ जलद झाली, मग सावकाश. बऱ्याच वेळानं तिनं आतून पाटी आणली. लिहिताना पेन्सिल कुरकुरत होती. वर्षभरानं पाटी माझ्यापुढं आली.

"मला इचारायचं व्हतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" मी म्हणाले.

तिनं तळव्यानं पुसलं, परत लिहिलं. "गायलेच असते." मी तिच्याकडं बघितलं. पण तिचं लिहून झालं नव्हतं. खाली, उरलेल्या जागेत, दाबून लिहिलं, "पन माज्या मनानं."

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं मान हलवली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. दोन भाषांत पदव्या घेतलेली मी. त्या पाटीवर मला एकच शब्द लिहिता आला: चुकलं.

तिनं पाटी जवळ घेतली. अक्षराला अक्षर लावत, ओठ हलवत वाचलं. मग पुसली आणि चहा ठेवायला आत गेली. दाजी पाळीवर होते, पमी शाळेत. मी उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडले. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, कपबशीचा आला. माणसाचा म्हणावा असा त्या घरात तेव्हा एकच आवाज होता, आणि तो माझा होता.